शब्दचर्चा: बोर्ड 'भरणे' आणि डाख 'धरणे'

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनात नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'पीसीबी असेंब्ली'ला 'मुद्रित परिपथ फलक जोडणी' लिहिलं, तर वाचणारे विचारतात, फलक कशाला जोडायचा? शिवाय 'वेटिंग'ला 'ओलावणे' चालेल का?

उत्तर: त्यांची शंका रास्त आहे. 'जोडणी' म्हटलं की दोन तयार वस्तू एकमेकींना जोडल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. काम करणारे 'बोर्ड भरणे' म्हणतात, तेच घ्या. कोरा बोर्ड आधीच तयार होऊन आलेला असतो: तांब्याचे ट्रॅक, भोकं, वरचा हिरवा मास्क, सगळं झालेलं. त्यावर पार्ट बसवून डाखले की बोर्ड भरला. पहिल्या कामाला 'बोर्ड बनवणे' आणि दुसऱ्याला 'बोर्ड भरणे' म्हटलंत, की फॅब्रिकेशन आणि असेंब्ली यांची सरमिसळ होणार नाही.

(सोल्डरला डाख हा जुना, चांगला शब्द आहे, झाळणे, डाखणे ही क्रियापदंही आहेत. बोलताना मीही सोल्डरच म्हणतो.)

'ओलावणे' मात्र नको. सोल्डर पेस्ट (डाखाची पूड आणि फ्लक्स यांचा लगदा, पार्ट बसवण्याआधी बोर्डावर छापतात तो) मुळात ओलीच असते, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटेल की पेस्ट छापली म्हणजे झालं. वेटिंग म्हणजे वितळलेला डाख तांब्यावर पसरून त्याच्याशी एकजीव होणं. याला आपल्याकडे 'धरणे' आहे. रंग धरतो, कलम धरतं, कल्हई धरते. कल्हईत तर हेच घडतं: तांब्यावर कथील चढतं आणि पृष्ठभाग साफ करायला नवसागर लागतो. पेस्टमधला फ्लक्स तेच काम करतो, धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो.

पार्ट बसवलेला बोर्ड ज्यात तापवतात त्या ओव्हनला काच असेल तर एकदा नीट बघा. स्टेन्सिलमधून (भोकं पाडलेल्या पातळ पत्र्यातून) छापलेली पेस्ट राखाडी, निस्तेज दिसते. शिसं नसलेल्या नेहमीच्या मिश्रधातूत 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी आणि 0.5 टक्के तांबं असतं. तो 217 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की वितळू लागतो. पेस्ट एकाएकी चकाकते, आणि किंचित तिरका बसलेला पार्ट आपणहून सरकून पॅडच्या, म्हणजे तो डाखायच्या तांब्याच्या जागेच्या, मध्यावर येतो. पृष्ठताण त्याला ओढून घेतो. डाख धरला तो इथे. हे पाहिलेल्या माणसाला 'धरणे' समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं उत्तर: वरच्याशी सहमत. एक भर घालते. 'रिफ्लो'ला 'पुनर्प्रवाह' कृपया लिहू नका. बोर्डाच्या संदर्भात प्रवाह म्हटलं की विजेचाच आठवतो. पेस्टमधली धातूची पूड एकदा वितळवूनच केलेली असते, ती ओव्हनमध्ये पुन्हा वितळते, एवढाच त्या 'री'चा अर्थ. शब्द रिफ्लोच राहू द्या.

'टूमस्टोन'साठी 'उभा पार्ट' पुरे. एका टोकाचा डाख आधी वितळून धरतो आणि चिपला आपल्याकडे खेचतो; दुसरं टोक उचललं जातं. 0402 मापाचा रेझिस्टर जेमतेम 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, तिळाहूनही बारीक. त्याला उभं राहायला कितीसं बळ लागणार! आणि 'कोल्ड जॉइंट'ला 'थंड जोड' लिहिण्यापेक्षा 'कच्चा डाख' लिहा. उष्णता कमी पडली, हे 'कच्चा'मध्ये लगेच कळतं.

प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. म्हणजे 'नॉन-वेटिंग'ला 'डाख धरला नाही'. मग 'डीवेटिंग'ला 'धरून सोडला' लिहू?

उत्तर: 'धरून मागे सरला' लिहा. 'सोडला' म्हटलं की खाली तांबं उघडं पडलं असं वाटेल. डीवेटिंगमध्ये डाख आधी सगळीकडे पसरतो, मग आक्रसून जागोजागी त्याचे उंचवटे होतात, पण त्यांच्यामध्ये पातळ थर राहतोच. उघडं तांबं दिसलं तर तिथे तो मुळात धरलाच नव्हता.