सुटकेची तारीख मनात धरू नये
समुद्री चाच्यांनी ओलीस धरलेल्या खलाशांबद्दल काहीजण म्हणतात, "गणपतीपर्यंत सुटू, असं मनाशी ठरवलं की तग धरता येतो." हे मत मला धोक्याचं वाटतं. तारीख हुकली की माणूस खचतो, जेवण सोडतो. 'अस्फाल्ट व्हेंचर' जहाज एप्रिल २०११ मध्ये सोमाली चाच्यांच्या तावडीतून सुटलं, पण त्यांनी सात भारतीय खलाशी मागे ठेवले. या खलाशांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली! आशा आजच्या दिवसापुरती धरावी: दोरीला रोज एक गाठ, ठरल्या वेळी व्यायामाच्या बैठका, मिळेल ते खाणं.

इकडे मुंबईत घरच्यांपैकी एकानेच चाच्यांचा फोन घ्यावा, वेळ आणि शब्द वहीत टिपावेत, खंडणीच्या आकड्यावर बोलू नये. खलाशांच्या हक्कांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराच्या डिसेंबर २०२० पासून लागू दुरुस्तीनुसार ओलीस काळातही पगार चालू राहतो. थांबला तर केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडे लगेच लेखी तक्रार करा.