संस्थांची भाजीखरेदी आणि लहान शेतकरी: कोट्याला भीक म्हणणाऱ्यांना उत्तर

भांडारपाल (धागालेखक):

'हिशेबी' यांनी काल दुसऱ्या धाग्यावर लिहिलं की शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं यांनी लहान आणि वंचित शेतकऱ्यांकडून ठरावीक टक्के माल घेणं म्हणजे सरकारी पैशातून वाटलेली भीक आहे. ज्याचा माल चांगला आणि स्वस्त त्याचाच घ्यावा. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी उभी हयात संस्थांच्या खरेदी विभागात गेली. निविदा कशा लिहिल्या जातात ते मी जवळून पाहिलंय. 'चांगला माल' ही अट त्यात शेवटच्या पानावर असते. आधी काय असतं? वर्षभर सगळा भाजीपाला एकाच पुरवठादाराने द्यायचा. मागच्या काही वर्षांची उलाढाल दाखवायची. अनामत भरायची. स्वतःची वाहनं हवीत. यातली एक तरी अट भाजीच्या ताजेपणाशी संबंधित आहे का? ज्याच्याकडे तुकडाभर जमिनीत पालक आहे तो पहिल्याच पानावर बाद. मग उरलेल्या दोघा-तिघांत ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचं आणि याला स्पर्धा म्हणायचं!

ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के कौटुंबिक शेतीच्या, म्हणजे घरच्याच माणसांनी कसलेल्या लहान शेतीच्या मालावर खर्च करणं बंधनकारक केलं. भूमिसुधारणेत जमीन मिळालेल्यांच्या वसाहती, आदिवासी आणि पळून आलेल्या गुलामांच्या वस्त्यांमधले वंशज यांना त्यात प्राधान्य आहे. सगळे फक्त टक्केवारी लक्षात ठेवतात. पण त्याच कलमाने निविदेशिवाय खरेदीची मुभा दिली, ती मला जास्त मोलाची वाटते. दर स्थानिक बाजाराशी जुळता हवा आणि मालाची गुणवत्ता नियमांत बसायला हवी, या अटी राहिल्या. पण दर आधीच जाहीर होतो, त्यामुळे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालून तो पाडायचा नाही. २०२६ पासून ही टक्केवारी ४५ झाली आहे. फसलेली योजना कुणी वाढवत नाही.

माझं म्हणणं एवढंच: कोटा हवाच, पण त्याच्या जोडीला मागणीचे लहान तुकडे आणि वेळेवर बिल हवं. नाहीतर कागदावर नाव लहान शेतकऱ्याचं आणि पैसा दलालाच्या खिशात.

हिशेबी:

'भीक' हा शब्द मी विचार करून वापरला होता आणि तो मागे घेणार नाही. शाळेला दर मुलामागे ठरलेली रक्कम मिळते. त्यातून महाग माल घेतला तर कुणाच्या ताटातलं कमी होतं? गरीब मुलाच्याच. म्हणजे एका दुर्बळाला आधार देण्यासाठी दुसऱ्या दुर्बळाच्या ताटातलं काढायचं.

ब्राझीलचं अर्धंच सांगितलंत. २०१६ साली साओ पावलो राज्यात कौटुंबिक शेतीच्या नावाने चालणाऱ्या सहकारी संस्थेमार्फत शाळांना संत्र्याचा रस फुगवलेल्या दराने विकल्याचं प्रकरण पोलीस तपासात बाहेर आलं. निविदा काढून टाकली की हेच होणार.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००८ ते २०१३ या काळात २० देशांत शेतकरी संघटनांकडून थेट धान्य घ्यायचा प्रयोग केला. तिथला एक मोठा प्रश्न कोणता होता? बाजारात भाव चढला की करारातला माल परस्पर दुसरीकडे विकला जायचा. बाजारात प्रवेश हवा म्हणता, मग शब्द पाळायची जबाबदारीही घ्या.

बांधावरून:

हिशेबी साहेब, परस्पर माल विकणारी मी आहे, माझ्याशी बोला.

आमचा बायकांचा गट एका मोठ्या रुग्णालयाला भाजी द्यायचा. व्यापाऱ्यापेक्षा दर बरा होता, खोटं का बोलू. पहाटे अंधारात तोडणी, जुड्या बांधायच्या, टेम्पो सकाळी फाटकावर. तिथे वजन करणारा माणूस यायच्या आधी ऊन चढायचं आणि पालेभाजी मान टाकायची. मग "ओली आहे, वजनात घट धरतो" म्हणून कापायचे. तेही सोसलं. पण बिल? एका टेबलावर सही झाली की दुसऱ्या टेबलावरचे साहेब रजेवर. पहिलं बिल हातात पडेपर्यंत पुढच्या पिकाचं बियाणं उधारीवर आणून झालं होतं. व्यापारी कमी देतो, पण संध्याकाळी रोख देतो. गटातल्या ज्या बाईच्या घरात आजारपण होतं ती गेली व्यापाऱ्याकडे. तिला मी काय करार दाखवू?

वर आमचे क्रेट परत मिळायचे नाहीत, त्यांचा हिशेब कुणी ठेवतच नाही. क्रेट काय झाडाला लागतात?

आणखी एक. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून पुरवठादार म्हणून नोंदही त्यांचीच. राबायचं आम्ही आणि पैसे जमा होणार त्यांच्या खात्यात.

कायद्याचा कीस:

ताईंच्या शेवटच्या मुद्द्यावर: ब्राझीलने २०२३ मध्ये त्याच कायद्यात भर घातली. एखाद्या कुटुंबाकडून थेट खरेदी झाली तर किमान निम्म्या रकमेचा माल घरातल्या स्त्रीच्या नावाने घ्यायचा. तेव्हा ही अडचण जगात कुणाला ठाऊक नाही असं नाही.

बिलाबद्दल: युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार नाशवंत शेतमालाचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात आणि सरकारी खरेदीदारही त्या कक्षेत येतात. पण त्या मुदतीतून आरोग्यसेवा देणाऱ्या सार्वजनिक संस्थांना सवलतीची वाट ठेवली आहे. म्हणजे ताईंचं बिल अडलं ती नेमकी जागा.

हिशेबींसाठी: अमेरिकेत १९२० साली नऊ लाखांहून जास्त काळे शेतकरी होते, २०२२ च्या कृषिगणनेत पन्नास हजारांच्या आत. कर्जवाटपात सरकारी खात्याने भेदभाव केल्याचा सामूहिक दावा लढला गेला आणि १९९९ मध्ये मोठी तडजोड झाली. ज्यांना सरकारनेच शर्यतीबाहेर ठेवलं त्यांना परत आत घेणं ही भीक कशी?

हिशेबी:

तोच धागा पुढे न्या ना. त्याच अमेरिकेत वंचित आणि स्थानिक उत्पादकांकडून माल घेऊन अन्नपेढ्यांना (गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थांना) आणि शाळांना द्यायच्या योजना २०२१-२२ च्या सुमारास सुरू झाल्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये पुढच्या टप्प्याचे एक अब्ज डॉलरहून जास्त रद्द झाले. त्या भरवशावर ज्यांनी जास्त लागवड केली त्यांचं काय? सरकारी गिऱ्हाईक एका पत्राने नाहीसं होतं. म्हणूनच म्हणतो, बाजारात उभं राहायला शिका.

भांडारपाल:

हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. ब्राझीलमध्ये कायदा आहे, तो एका पत्राने जात नाही. अमेरिकेत होती ती योजना. एवढा फरक तुमच्यासारख्या हिशेबी माणसाने धरायलाच हवा.

मुदपाकवाली:

सगळे खरेदीवर भांडताय, सोलणार कोण ते एकानेही विचारलं नाही.

मी वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवते. पूर्वी सोलायला, चिरायला बायका होत्या. त्या निवृत्त झाल्या, जागा भरल्याच नाहीत. आता सोलणीचं यंत्र आहे. गोल डबा, आत खरखरीत पत्रा, पाण्यासोबत माल फिरतो. सगळी गाजरं एका जाडीची असतील तर काम होतं. लहानमोठी एकत्र टाकली की जाड गाजराची साल निघेपर्यंत बारीक गाजराची काडी झालेली असते. दुबोटी गाजराच्या बेचक्यातली माती तर निघतच नाही. मुलाच्या दाताखाली खडा आला की बोलणी कुणाला बसतात? मला. शेतकऱ्याला कुणी विचारत नाही.

म्हणून मी मोठ्या पुरवठादाराचा एकसारखा माल घेते. सोललेला, चिरलेला मिळाला तर अजूनच बरं. मला कुणाचं वाईट करायचं नाही.

बांधावरून:

म्हणजे वाकडं गाजर आम्ही खायचं आणि सरळ तुम्हाला द्यायचं? ताई, जमीन काय साच्यात घालून पीक काढते का? तुमच्या यंत्राला चालत नाही म्हणून निम्मा माल परत येतो, आणि परतीचं भाडं आमच्या डोक्यावर!

मुदपाकवाली:

आवाज चढवू नका. पहाटे चारला चूल पेटवणारी बाई मीही आहे. मुलं रांगेत उभी असताना मी तुमच्या जमिनीचा स्वभाव समजून घेत बसू का? मला शिकवण्याआधी एक दिवस माझ्या ओट्यापाशी उभं राहा.

तिसरी पाळी:

मुदपाकवाली ताईंशी शंभर टक्के सहमत. संस्थांनी स्वयंपाकाची माणसं काढली, कामं कंत्राटावर दिली. ज्या वेळी सोलणाऱ्या बाईचा पगार 'वाचवला' त्याच वेळी लहान शेतकऱ्याचं दार बंद झालं. मी कंत्राटावर भांडी घासतो. आमच्याकडे चिरलेली भाजी पिशवीतून येते, मला चिरणारा माणूस आजवर दिसलेला नाही. खर्च कमी झाला का? पगाराच्या खात्यातून उचलून मालाच्या खात्यात टाकला.

हिशेबी:

पुन्हा जास्त माणसं ठेवा, म्हणजे पुन्हा जास्त पैसे. मधे एक धुऊन-चिरून देणारं केंद्र काढा, प्रश्न मिटतो.

भांडारपाल:

त्या केंद्राचा मालक कोण, ते सांगा. व्यापाऱ्याचं असेल तर तो कुठूनही माल घेईल आणि पिशवीवर शेतकऱ्याचं चित्र छापेल. शेतकऱ्यांच्या गटाचं असेल तर सोलण-चिरण्याची मजुरी त्यांच्याच घरात जाईल आणि वाकडं गाजरही खपेल, कारण तुकडे केल्यावर वाकडं-सरळ कळत नाही. पण त्याला यंत्र, पाणी, थंड खोली लागते, आणि हे भांडवल उभं राहायला किमान काही वर्षांची हमी हवी. ती हमी म्हणजेच कोटा, साहेब.

हिशेबी:

ठीक. कायद्याने बांधलेली, मुदतीची हमी असेल आणि दर बाजाराशी जुळता असेल तर मी त्याला भीक म्हणणार नाही. पण हिशेब तपासणारा तिसरा माणूस हवाच, नाहीतर साओ पावलोची पुनरावृत्ती होईल. आणि मुलाच्या ताटाचा प्रश्न मी सोडलेला नाही.

कायद्याचा कीस:

अवांतर: फ्रान्सच्या २०१८ च्या कायद्यात सार्वजनिक उपाहारगृहांत निम्मा माल पर्यावरणपूरक किंवा दर्जाप्रमाणित हवा आणि एकूण मालात किमान २० टक्के सेंद्रिय, असं आहे. 'स्थानिक' हा निकष त्यात घालता आला नाही, कारण युरोपच्या खरेदी नियमांत मूळ ठिकाणावरून पसंती चालत नाही. पण मागणीचे लहान भाग पाडायला आडकाठी नाही. भांडारपाल काका म्हणतात तो तुकड्यांचा रस्ता तिथे उघडा आहे.

मुदपाकवाली:

भाग पाडायचेच तर माझ्या सोयीने पाडा. गाजर-बटाटे मी तूर्त बदलणार नाही, कितीही ओरडा. पालेभाजी, काकडी, केळी यांना यंत्र लागत नाही. ती लहान गटाकडून घेता येतील. आठवड्याचा बेत आधी कळवेन. पण जुड्यांची मुळं कापून आणि दोन पाण्यांतून काढून आलेल्या हव्यात, आणि एखाद्या दिवशी माल येणार नसेल तर आदल्या दुपारी निरोप हवा. पहाटे फोन बंद लागला तर मी दुसऱ्या दिवशी जुन्याच माणसाला बोलावणार.

बांधावरून:

मुळं कापून देऊ. निरोपही देऊ, त्यात काही अवघड नाही. आमचंही ऐका. क्रेट मोजून द्यायचे, मोजून परत. वजन आमच्या माणसासमोर, माल उतरला की लगेच. आणि पावतीवर त्याच दिवशीची तारीख आणि शिक्का, साहेब असोत नसोत. तुमच्याकडे तारीख बिल मंजूर झाल्यावर पडते. मग वर लिहिलेले ते तीस दिवस आम्ही कुठून मोजायचे?