टाचेमागची कंडरा : विश्रांती किती आणि व्यायाम किती?

प्रश्न
माझे वय ४४ असून मी नियमित धावतो. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या टाचेच्या चार बोटे वर, कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यात) दुखते. सकाळी पहिली पावले टाकताना पाय आखडलेला असतो, नंतर मोकळा होतो. धावणे बंद ठेवले की बरे वाटते, पण पुन्हा सुरू करताच दुखणे परतते. बर्फ लावतो, वेदनाशामक गोळ्याही घेतल्या. लवकर बरे होण्यासाठी आणखी काय करावे?

प्रतिसाद १
आपण विश्रांती घेत आहात, पण कंडरेला हवा आहे तो बेताचा भार. स्नायूंच्या मानाने कंडरेचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे ती सावकाश भरून येते आणि नुसते बसून राहिल्यास तिची ताण सोसण्याची क्षमता उलट घटते. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही सांगितला जातो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दोन्ही पायांनी टाचा उचलाव्यात, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच अगदी हळूहळू पायरीच्या पातळीखाली न्यावी. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे ३ संच, गुडघा किंचित वाकवून तितकेच, दिवसातून दोनदा आणि सलग १२ आठवडे. थोडे दुखले तरी चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा वाढला असेल तर मात्रा कमी करावी. यात घाई चालत नाही, हे मात्र कबूल करावे लागते.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याला एक पुरवणी. दुखणे कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते नेमके तिथे असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये, सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके अलीकडे घेतली असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसून चवड्यावर उभे राहणेच अशक्य झाले, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

प्रतिसाद ३
बर्फाविषयी थोडेसे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. पुढे त्यांनीच बर्फामुळे भरून येण्यास उशीर होऊ शकतो असे लिहिले. वेदना कमी करण्यापुरता तो लावायला हरकत नाही. महागड्या कोलॅजन (कंडरेतील मुख्य प्रथिन) पावडरीपेक्षा ते पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा जाण्यात खर्च करावेत, असे माझे मत आहे.