मदत हवी: स्लोपस्टाइलचे गुण भांडण न होता कसे द्यायचे?

खाडीकाठ: रविवारी स्पर्धा आहे. नियम ऑलिंपिकच्या स्लोपस्टाइलचेच (बर्फाच्या उतारावर पाइप आणि उड्यांवर करामती करत उतरायचं, तो प्रकार) ठेवायचे ठरलंय. पण १०० पैकी कशाला किती द्यायचे, हे कुठेच धड मिळत नाही. गेल्या वर्षी निकालावरून दोन वाड्यांतलं बोलणं बंद झालं, ते अजून सुरू नाही. तयार तक्ता असेल तर टाका, लवकर.

सुरमई: स्कीइंग ना? शिकायचं तर गुलमर्गला जा, नाहीतर औलीला. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ चांगला असतो. हातमोजे मात्र चांगले घ्या.

कातळसडा: खाडीकाठ, स्पर्धा कुठे? कशावर? परीक्षक किती, फेऱ्या किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

खाडीकाठ: रत्नागिरी. स्केटबोर्ड आहे, स्की नाही. बंदराकडे उतरणारा सिमेंटचा रस्ता, वर घसरायला दोन लोखंडी पाइप, खाली प्लायवूडचे तीन रॅम्प. परीक्षक तीन. तक्ता आहे का कोणाकडे?

हिशेबनीस: डायव्हिंगसारखं करा. प्रत्येक करामतीला अवघडपणाचा आकडा आधीच ठरवा आणि सफाईच्या गुणांनी गुणा. कोणाला बोलायला जागाच राहणार नाही.

कातळसडा: मग सगळी पोरं जास्तीत जास्त गिरक्यांच्या मागे लागतील आणि सिमेंटवर हातपाय मोडून घेतील. २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्कीच्या स्लोपस्टाइलला अलेक्स हॉलने शेवटच्या उडीत तीन गिरक्यांचा फिरा हवेतच अडवला आणि उलटा ओढून अडीचवर उतरला. गिरक्या मोजल्या तर अर्धी कमीच. पण फिरणारं अंग हवेत थांबवणं किती कठीण! त्याच फेरीचे ९०.०१ गुण आणि सुवर्ण. उंची, अवघडपणा, सफाई, विविधता आणि नवं काही, हे सगळं मिळून बघतात.

हिशेबनीस: म्हणजे शेवटी परीक्षकाच्या मनावरच. तिथेच महिलांच्या स्कीत मातिल्द ग्रेमो ८६.५६, आयलीन गू ८६.२३. ०.३३ वर सुवर्ण गेलं! हरलेल्या मुलीला कारण दाखवता आलं पाहिजे की नाही?

कातळसडा: आलंच पाहिजे, ते मान्य. म्हणून प्रत्येक पाइपचे आणि उडीचे गुण वेगळे लिहा आणि पूर्ण धावेचे वेगळे. मी साठ-चाळीस वाटणी ठेवीन.

माडबन: आमच्याकडे गणपतीत जाखडीच्या स्पर्धेला हेच होतं. परीक्षक बुवांचा आवाज ऐकून गुण देतात, नाचणाऱ्यांच्या पायांकडे कोणी बघत नाही. यावर वेगळा धागा काढायला हवा.

आबा_वेंगुर्ले: अरे, पण परीक्षक कोण ता सांग आधी. एकाच वाडीतले असतले तर तक्तो कसोय घाला, भांडाण होतलाच.

खाडीकाठ: तिघांपैकी दोघांचे पुतणे स्पर्धेत आहेत, आबा. त्यांना बदलता येणार नाही, जागा आणि प्लायवूड त्यांचंच.

आबा_वेंगुर्ले: ह्या पयला सांगूचा नाय? बाहेरचे दोघे आण, पाच कर. सगळ्यात वरचो नि सगळ्यात खालचो गुण काढून टाक, उरलेल्या तिघांची सरासरी घे.

कातळसडा: आबांचं ऐकाच. पाचही जणांना लांब लांब बसवा, चिठ्ठी गोळा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या मुलाला ९५ देऊन बसू नका, मागून त्याहून सरस आला तर वर जागा राहत नाही. बीजिंगला तीन फेऱ्यांतली उत्तम एक धरली होती, तसंच करा.

हिशेबनीस: व्हिडिओचं काय? त्याच बीजिंगला स्नोबोर्डच्या स्लोपस्टाइलमध्ये मॅक्स पॅरोचा हात एका उडीत बोर्ड पकडण्याऐवजी गुडघ्यावर होता. परीक्षकांच्या नजरेतून ते सुटलं, मुख्य परीक्षकांनी नंतर तसं मान्यही केलं. सुवर्ण त्याच्याकडेच राहिलं, सू यीमिंगला रौप्य.

कातळसडा: हे तुमचं शंभर टक्के बरोबर. प्रत्येक रॅम्पच्या दोन्ही बाजूंना फोन लावा. बोर्ड पकडला की नुसता गुडघा, ते एका बाजूने कळतच नाही. बघायचं ते गुण जाहीर करण्याआधी. एकदा आकडा बोलला की बदलायचा नाही.

खाडीकाठ: तीन रॅम्प म्हणजे सहा फोन. चार आहेत. बाहेरचे दोन परीक्षक अजून हवेत. आबा, रविवारी चारपर्यंत पोचाल का?

आबा_वेंगुर्ले: येतंय. भाच्याक पण आणतंय, तो बोर्डार फिरता. पण तो गुण देतलो, स्पर्धेत उतरूचो नाय.

सुरमई: उतारावर वाळू येत असेल तर सकाळी झाडून घ्या. माझा फोन घेऊन जा, मी रत्नागिरीतच, मिऱ्याला राहतो.