भाचा 'डंकी'ला (चोरवाटेने अमेरिकेला) निघालाय, काय सांगू?

भाचा आयटीआय करून घरी बसलाय. रात्रंदिवस अमेरिकेतल्या ट्रकचे रील. खाली एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर, 'पैसे पोहोचल्यावर'. ताई शेत गहाण टाकायला निघालीये!

> दादा, कोलंबिया-पनामामधलं डेरियनचं जंगल पायी तुडवावं लागतं. चिखल, वाहून नेणाऱ्या नद्या. ते रीलमध्ये दिसतं का विचारा.

> ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकेच्या लष्करी विमानात परत पाठवलेले १०४ जण होते, बेड्या घातलेले. तिघं आपल्या महाराष्ट्रातले.

> गुजरातमधल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंबही आठवा. जानेवारी २०२२, कॅनडा-अमेरिका सीमा, बर्फात गोठून गेले. धाकटा तीन वर्षांचा.

विमानाचं दाखवलं. म्हणतो, "मामा, पकडले गेले म्हणून बातमी झाली. पोहोचलेले रील टाकतात." यावर काय बोलणार! सध्या ताईचा सातबारा माझ्या कपाटात आणून ठेवलाय. (ऑनलाइन निघतो, माहितीये.)