विद्यापीठाच्या क्रिकेट क्लबसाठी निधी: पैसे कुठे द्यायचे, कसे द्यायचे

प्रेषक: क्रीडा समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

आपल्या गावातल्या विद्यापीठाच्या क्रिकेट क्लबसाठी ६,००० डॉलर उभे करायचे, असं अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत ठरलं आहे. मुलांच्या यादीत खेळपट्टीची मॅट, हेल्मेट, यष्टिरक्षणाचं सामान आणि बाहेरगावच्या दोन स्पर्धांसाठी व्हॅनचं भाडं आहे. हा क्लब विद्यापीठाच्या रिक्रिएशन (हौशी खेळांच्या) विभागाखाली येतो, अॅथलेटिक्सखाली (विद्यापीठाच्या अधिकृत संघांच्या विभागाखाली) नाही. त्यामुळे या मुलांना ना खेळाची शिष्यवृत्ती मिळते, ना पगारी कोच. हंगामाची वर्गणी तीच भरतात, आणि त्यांतली बरीचशी भारतातून शिकायला आलेली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईच्या बैठकीत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं, तेव्हापासून लोक स्वतःहून चौकशी करत आहेत. मदत करायची ती आत्ताच.

प्रश्न चार. पैसे मंडळाच्या खात्यात घ्यावेत का? वडापावचा स्टॉल लावावा का? रॅफल (तिकिटं विकून बक्षिसाची सोडत) चालेल का? आणि आपल्याच एका कुटुंबातली मुलगी विद्यापीठाच्या टेनिस संघात आहे, तिला यातून काही देता येईल का?

प्रेषक: खजिनदार

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मंडळाच्या खात्यात घेऊ नका. विद्यापीठाच्या फाउंडेशनमध्ये (विद्यापीठासाठी देणग्या घेणाऱ्या संस्थेत) क्लबच्या नावाचा फंड असतो, सभासदांनी थेट तिथे द्यावेत. मंडळ ५०१ (सी) (३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असल्यामुळे पैसे आपल्याकडे घेऊन पुढे पाठवणं बेकायदा नाही. पण त्यात कंपनीची मॅचिंगची रक्कम (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोड म्हणून कंपनी घालते ती) हातची जाते. मॅचिंगच्या पोर्टलवर कर्मचाऱ्याने स्वतः ज्या संस्थेला दिले, तिचाच कर-क्रमांक लागतो. मंडळाच्या नावाने केलेल्या देणगीवर मॅच आलीच तर ती मंडळाला येईल, क्लबला नाही.

त्यातही दोन अडचणी आहेत. बऱ्याच कंपन्या ‘अॅथलेटिक्स’ला मॅच देत नाहीत. म्हणून फॉर्मवर नुसतं ‘स्पोर्ट्स’ लिहू नका. रिक्रिएशन विभागाने दिलेलं फंडाचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उतरवा. शिवाय काही कंपन्यांची मुदत ३१ डिसेंबरला संपते, काहींची देणगीपासून मोजतात. ज्याने त्याने आपापल्या एचआरला विचारावं.

चेक लिहिताना नाव फाउंडेशनचं, क्लबचं नाव आणि फंड क्रमांक मेमोच्या ओळीत. मेमो कोरा राहिला तर रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत जाते, आणि ती परत क्लबकडे वळवताना मुलांचं अर्धं सत्र निघून जातं. क्लबच्या कॅप्टनच्या नावावर चेक किंवा ‘झेल’ (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवण्याची सोय) कृपया कोणीही करू नये. एका व्यक्तीला दिलेल्या पैशांवर करसवलत नाही, आणि कॅप्टन दरवर्षी बदलतो.

आयटीतल्या मंडळींसाठी खास. शेअर वर्षापेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असतील आणि भाव चढलेला असेल, तर विकून रोख देण्यापेक्षा शेअरच द्या. वाढीवर कॅपिटल गेन्स कर भरावा लागत नाही आणि आयटेमाइझ करणाऱ्याची (रिटर्नमध्ये वजावटी एकेक मांडणाऱ्याची) वजावट बाजारभावावर धरतात. आरएसयूचं (कंपनीकडून पगारासोबत मिळणाऱ्या शेअरचं) वर्ष व्हेस्ट झाल्या, म्हणजे शेअर हातात आल्या दिवसापासून मोजायचं, ग्रँटपासून, म्हणजे कंपनीने ते देऊ केल्या दिवसापासून नाही. शेअर फाउंडेशनच्या खात्यात पोचतात तेव्हा बरेचदा त्यांच्यावर देणाऱ्याचं नाव नसतं. कंपनी, शेअरची संख्या आणि फंड क्रमांक फाउंडेशनला आधी ईमेलने कळवा, मग ब्रोकरला सांगा. उलट केलंत तर ते शेअर ‘अज्ञात दाता’ म्हणून पडून राहतात.

२५० डॉलर किंवा जास्तीच्या देणगीला फाउंडेशनची लेखी पोच जपून ठेवा. बँकेचं स्टेटमेंट एकटं पुरत नाही. आयटेमाइझ न करणाऱ्यांनाही २०२६ पासून रोख देणगीवर १,००० डॉलरपर्यंत, जोडप्याला एकत्र रिटर्नवर २,००० पर्यंत वजावट आहे. शेअर त्यात धरत नाहीत.

रॅफल नको. राज्याच्या कायद्यात तो जुगार धरला जातो, परवाना काढावा लागतो, आणि तिकिटाच्या पैशांवर घेणाऱ्याला करसवलतही नाही.

प्रेषक: क्रिकेट उपसमिती

मॅट मागवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: विद्यापीठाने दिलेलं मैदान गवताचं आहे की कृत्रिम टर्फचं?

गवत असेल तर काथ्याची मॅट वॉशर लावलेल्या लांब खिळ्यांनी ठोकता येते. कृत्रिम टर्फवर खिळा ठोकू देत नाहीत, कारण खालचा गालिचा फाटतो आणि दुरुस्तीचं बिल क्लबवर येतं. तिथे रबराच्या पाठीची जड मॅट आणि स्प्रिंगचे स्टंप लागतात. मुलांच्या यादीत नुसतं ‘मॅट’ लिहिलं आहे, त्यावर ऑर्डर देऊ नये.

लांबीतही फसगत होते. स्टंप ते स्टंप ६६ फूट, म्हणून दुकानदार ६६ फुटांचा रोल देतो. पण गोलंदाजाचा मागचा पाय स्टंपांच्या मागे पडतो. रिटर्न क्रीज (गोलंदाजाच्या पायाच्या बाजूची रेषा) स्टंपांच्या मागे निदान ४ फूट जाते, तेव्हा दोन्ही टोकांना ४-४ फूट धरून ७४ फूट हवेत. आखूड मॅटच्या कडेवर टाच पडली की घोटा मुरगळतो. रुंदी ६ फुटांची स्वस्त पडते, पण वाइडच्या रेषेकडे टाकलेला चेंडू कडेवर आदळून कुठेही उडतो. ८ फुटांची घ्यावी.

काथ्या पाणी पितो. ओली मॅट गुंडाळून ठेवली की आतून कुजते, आणि वजन इतकं वाढतं की चौघांनाही उचलत नाही. गुंडाळायला जाड पाइप आणि कोरडी जागा, हे दोन्ही रिक्रिएशन विभागाकडून आधी लिहून घ्या. खिळे मोजून ठोकायचे, मोजून काढायचे. एक जरी गवतात राहिला तर दुसऱ्या दिवशी त्यावर फुटबॉलची मुलं धावतात.

सभासदांच्या गराजमधलं सामान गोळा करायला हरकत नाही, पण जुनी हेल्मेट घेऊ नका. आत ‘बीएस ७९२८:२०१३’ ही ब्रिटिश सुरक्षा मानकाची खूण नसेल तर नाहीच. खूण असली तरी आधी चेंडू लागलेलं हेल्मेट बाद समजावं. बाहेरून चांगलं दिसतं, आतलं कवच तडकलेलं असू शकतं. जाळी आणि टोपी यांच्यातल्या फटीतून चेंडू आत जाऊन गालाची हाडं मोडतात, नवीन मानक त्यासाठीच आलं. ६,०००मधले पहिले पैसे हेल्मेटला, मग मॅटला. व्हॅन शेवटी.

प्रेषक: स्वयंपाक समिती

वडापाव करायला आम्ही तयार आहोत, मात्र कॅम्पसवर स्टॉल लावायचा असेल तर आधी दोन गोष्टी विचारा. बऱ्याच विद्यापीठांचा एकाच केटररशी करार असतो आणि बाहेरचं खाणं विकू देत नाहीत. पेयांचाही एका कंपनीशी करार असतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत. त्यापेक्षा स्टॉल आपल्या कार्यक्रमाच्या हॉलवर लावावा.

विक्री म्हटली की काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना आला. घरी उकडलेले बटाटे त्यात चालत नाहीत. परवानाधारक स्वयंपाकघर लागतं, देवळाचं किंवा चर्चचं मिळतं का बघा.

२५० वडे धरले, एकेकात ६० ग्रॅम सारण, तर कच्चे बटाटे ३५ पौंड आणि बेसन साधारण ११ पौंड. आदल्या रात्री उकडून मोठ्या पातेल्यात ठेवले तर मधला गोळा सकाळपर्यंत कोमट राहतो, तिथेच बटाटा बिघडतो. नियम असा: १३५ अंश फॅरनहाइटवरून ७० वर दोन तासांत, आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. म्हणून सारण पसरट ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा जाड नको, आणि थंड होईपर्यंत झाकण नको.

तळलेला वडा १३५ च्या वर राहायला हवा, पण बंद ट्रेमध्ये वाफ धरून आवरण लिबलिबीत होतं. ट्रेखाली जाळी, झाकण थोडं उघडं, आणि एका वेळी ३० पेक्षा जास्त तळू नका. लसणाची चटणी कोरडीच करा, तेलात भिजवलेला लसूण तासन्‌तास बाहेर ठेवायचा नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. चार डॉलरने २५० विकले तर १,००० येतील, सामान, परवाना आणि स्वयंपाकघराचं भाडं जाऊन ५००-६०० उरतील. १०० डॉलरची मॅचिंगवाली दहा घरं मिळाली तर २,००० होतात. स्टॉल जरूर लावू, पण टेबलावर फंडाचा क्यूआर कोड मोठा छापून ठेवा. पैसे तिथून येतील.

प्रेषक: खजिनदार

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. स्टॉलचे पैसे मात्र मंडळाकडेच येतील, तेवढ्याचा एक चेक मंडळाच्या नावाने फाउंडेशनला देऊ. निधीसाठी जेवण ठेवलं तर तिकिटावर जेवणाची किंमत छापावी लागेल. १०० चं तिकीट, ३५ चं जेवण, तर देणगी ६५. ७५ डॉलरच्या वरच्या तिकिटाला हे लेखी देणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता टेनिसचं. ती मुलगी एनसीएएच्या (विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) संघात आहे, क्लबमध्ये नाही, त्यामुळे तिला वेगळे नियम लागतात. अॅथलेटिक्स विभागाला देणगी देणारा माणूस ‘बूस्टर’ ठरतो, आणि बूस्टरने खेळाडूला विमानाचं तिकीट, रॅकेट किंवा पाकीट दिलं तर तिची पात्रता अडचणीत येते. हेतू कितीही चांगला असला तरी.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता येतात, पण ते खऱ्या कामाचे हवेत. आपल्या क्रीडादिनाला मुलांना दोन तास शिकवल्याचं रास्त मानधन चालू शकतं. तिच्या विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कार्यालयाला) आधी कळवून, लेखी करार करूनच. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये (सर्वांत वरच्या गटात) ६०० डॉलर किंवा जास्तीचे करार आता नोंदवावे लागतात.

ती इथली नागरिक आहे म्हणून हे बोलता येतं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलाला मानधन देऊ नका. परवानगीशिवाय काम केलं असं धरलं गेलं तर प्रश्न खेळाचा राहत नाही, व्हिसाचा होतो. क्रिकेट क्लबच्या मुलांना स्टॉलवर हातभार लावायला बोलवा, पण हातात पैसे देऊ नका. वडापाव द्या.

क्रीडा समितीने रिक्रिएशन विभागाकडून फंडाचं पूर्ण नाव, क्रमांक, फाउंडेशनचा कर-क्रमांक आणि मैदानाचा प्रकार एवढं मागवावं. ते आलं की मी फॉर्म ईमेलच्या लिस्टवर टाकतो.