अनुभव धागा: घरच्या समारंभाला फसफसतं कॉकटेल, कुणी केलंय का?

पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर वीसेक माणसं असतील. जेवण तांबडा-पांढरा, त्यात बाबा कुणाचं ऐकायचे नाहीत. पण सुरुवातीला सगळ्यांच्या हातात काहीतरी फसफसतं द्यावं, असं त्यांच्याच मनात आलंय. बारटेंडर नको, शेकर-बिकर नको. नाशिककडची स्पार्कलिंग वाईन आणि घरात असेल ते. ज्यांनी केलंय त्यांनी हात राखून न ठेवता लिहा. बाटल्या किती लागतात तेही सांगा.

शाहूपुरीकर
आमच्याकडे पोरगी सीए झाली तेव्हा मिमोसा केलं होतं. अर्धी वाईन, अर्धा संत्र्याचा रस, संपला विषय. मात्र रस खोक्यातला घेऊ नका, गोडमिट्ट होतं. ताजा काढा, गाळा, आणि आयत्या वेळीच काढा. संत्र्या-मोसंबीचा रस तासभर ठेवला की कडवट व्हायला लागतो. बाटलीवर 'ब्रूट' लिहिलेलं बघून घ्या, त्यात साखर लिटरला 12 ग्रॅमच्या आत असते. 'डेमी सेक' आणून वर रस ओतलात तर पाहुणे बासुंदी प्यायल्यासारखे बसतील.

हिशोब: 750 मिलीच्या बाटलीत नुसत्या वाईनचे सहा ग्लास होतात, निम्मा रस घातला की बाराएक. वीस माणसांना मिमोसाच्या एका फेरीला दोन बाटल्या पुरतात. दोन फेऱ्या धरून चार आणा.

गुऱ्हाळवाला
कोल्हापुरात राहून साखरेचं काय घेऊन बसलाय भावा. नेहमीच्या शॅम्पेन कॉकटेलमध्ये साखरेच्या ठोकळ्यावर कडसर बिटर्सचे थेंब टाकतात, थोडी कोन्याक ब्रँडी घालतात आणि वरून शॅम्पेन. खरबरीत ठोकळ्यावरनं बुडबुड्यांची माळ सुटत राहते, दिसायला झ्याक. आपल्याकडं बिटर्स कुठं शोधत फिरता? मी काकवी घालतो.

पद्धत: ग्लासात चहाचा एक चमचा काकवी, तेवढाच लिंबाचा रस, आलं किसून पिळलेले दोन थेंब. हे आधी एकजीव करायचं, कारण काकवी थंडगार वाईनमध्ये घातली की तळाला चिकटून बसते. मग ग्लास तिरका धरून वाईन दोन दमात ओतायची. पहिल्यांदा दोन बोटं ओतून फेस बसू द्यायचा, नंतर उरलेली. लांब चमच्यानं तळापासून एकदाच वर उचलायचं, ढवळत बसायचं नाही. रंग गाभुळलेल्या चिंचेसारखा येतो आणि चवीला मागनं उसाचा तो जळका गोडवा राहतो. आमच्या दाजींनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, तिसऱ्या ग्लासाला मात्र स्वतः चमचा घेऊन उभे.

गुळाचा खडा टाकायची हौस करू नका. फेस ग्लासाबाहेर येतो आणि खडा काही लवकर विरघळत नाही.

ताराबाई पार्क
बाटली उघडण्याबद्दल कुणीच का बोलत नाही? आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. बूच सुटलं की ताशी 80 किलोमीटरपर्यंत वेगानं जातं. आमच्या नात्यातल्या एकानं हॉलमध्ये बाटली हलवून 'फटाका' उडवला, ट्यूबलाइट गेली. डोळा वाचला हे नशीब. तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरनं काढायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून लांब. बूच घट्ट धरून खालची बाटली फिरवायची. फुस्स एवढाच आवाज आला पाहिजे.

आणि गार करा हो नीट. कोमट बाटली उघडली की निम्मी फरशीवर. फ्रीजमध्ये तीन तास, नाहीतर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, पाणी हवंच.

खाऊगल्ली
तांबड्या रश्श्याबरोबर देऊ नका. बुडबुड्यांनी तिखट आणखी चावतं. आधी चंदगडचे भाजके काजू आणि हे, मग ग्लास गोळा करा, मग ताटं मांडा.

पन्हाळा रोड
डिसेंबर ते मार्च असेल तर स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची मिक्सरला फिरवायची आणि गाळायची, बिया दाताखाली येतात. ग्लासात आधी गर, वर वाईन, गराच्या दुप्पट. इटलीत व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये पांढऱ्या पीचचा गर घालून 'बेलिनी' करतात, त्याच घरातलं हे. ओतताना घाई केली तर टेबलभर गुलाबी फेस.

ग्लास साबणाचा अंश न ठेवता विसळा. साबण राहिला की बुडबुडे मरतात आणि दोष वाईनला जातो.

मंगळवार पेठ
आमच्याकडे निम्मं घर माळकरी. त्यांना त्याच उंच ग्लासात कोकम सरबत आणि गार सोडा, वर लिंबाची चकती. मालवणकडचं आगळ आणलंत तर चाखून बघा, त्यात मीठ असतं. ट्रे मात्र दोन वेगळे ठेवा आणि वाढायला एकच माणूस. आजी चुकून दुसऱ्या ट्रेकडं वळल्या होत्या, वेळेवर धरलं. आणि ज्यांना गाडी चालवत इचलकरंजी-सांगलीला परत जायचंय त्यांनाही कोकमच.

धागाकर्ती
काकवी आणि कोकम नक्की. काल सायंकाळी काकवीचा एक ग्लास करून बाबांपुढं ठेवला. "लिंबू अजून पिळ," एवढंच म्हणाले, पण ग्लास रिकामा केला. अर्धी बाटली उरलीय. तोंडात स्टीलचा चमचा अडकवून ठेवली की फेस टिकतो म्हणतात, खरं का?

ताराबाई पार्क
नाही. चमच्यानं काही होत नाही. दाबून बसणारं बूच मिळतं ते लावा, फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि उद्या संपवा.

गुऱ्हाळवाला
उद्या कशाला, पत्ता टाका.